कार्डावर नसलेलं नाव

४ नोव्हेंबर

रिसॉर्ट सोडलं. मॅनेजरने काढायच्या आत मी निघाले, म्हणून सोडलं असंच लिहिणार. डायरी माझी आहे.

दुपारच्या जेवणाला पुण्याची मोठी पार्टी होती. सहा वर्षं मी तिथे लोकांच्या जेवणाला तोंडी लावणं म्हणून गातेय. हिंदी जुनी गाणी, मग कोळीगीतं, मग सगळे उठून नाचतात आणि मी घरी येते. आज मी माझं गाणं म्हटलं. माझं, मी लिहिलेलं. रेशनकार्डाचं.

बापाच्या कार्डावरून नाव माझं काटलं
बापाच्या कार्डावरून नाव माझं काटलं
नवऱ्याच्या कार्डावर चढताना शाईचं पाणी आटलं

दुसऱ्या कडव्याला एका बाईने हातातला पापलेटचा तुकडा परत ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी जेवायचं थांबलं. मॅनेजर धावत आला. "नूतन मॅडम, थोडं हॅपी गा ना. लोक सुट्टीवर आलेत." मी म्हटलं, मी पण आजपासून सुट्टीवर. माइक त्याच्या हातात दिला, स्टँड उचलला आणि रेवदंड्याची रिक्षा धरली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती अंगणात कांदे निवडत होती. वर न बघता म्हणाली, "स्टँड आपला व्हता ना?"

"आपलाच."

"आनलास ना?"

"आणला."

"मग झालं."

बस, एवढंच. पोरीची नोकरी गेली आणि हिला स्टँडची काळजी.

९ नोव्हेंबर

खाडीपलीकडे कोर्लईला अंतोन मास्तरांकडे गेले. मास्तर चर्चमध्ये गिटार वाजवतात, आठवडाभर होडीचं इंजिन दुरुस्त करतात. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले त्या वर्षी, त्यांनी तरुणपणी परदेशी बोटीवर नोकरीला असताना आणलेल्या कॅसेट मला ऐकवल्या. काळ्या अमेरिकन बायका गात होत्या. शब्द कळले नाहीत, पण एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत टोला हाणायचा, हे मला बरोबर कळलं. मास्तर म्हणाले, याला ब्लूज म्हणतात. मी म्हटलं, म्हणू देत. मला वाटलं, आपल्यासारखंच कुणाला तरी झालंय आणि ती बाई तोंड लपवून बसलेली नाही.

आज त्यांना कार्डाचं गाणं पुरं ऐकवलं. 'काटलं' दुसऱ्यांदा येतं तिथे त्यांनी गिटार थांबवली.

"हा सूर कुठून आणलास, बाय? सगळे इथं खाली येतात. तू वर जातेस, आणि सरळ पण नाय जात. माझ्या एका पण कॅसेटमध्ये हे नाय."

"माझा आहे," मी म्हटलं.

परत येताना पुलावर स्वतःशीच हसत होते. सदतिसाव्या वर्षी एक गोष्ट अशी सापडली जी बापाची नाही, नवऱ्याची नाही, कोणाकडून उसनी आणलेली नाही.

१७ नोव्हेंबर

आज डोकं फिरलंय.

भाताच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून मी स्टुडिओ केलाय. मास्तर गिटार घेऊन सकाळीच आले. पहिल्या वेळी शेजारचा कोंबडा आरवला. दुसऱ्या वेळी बोअरचा पंप सुरू झाला. तिसऱ्या वेळी सगळं जुळून आलं. मी डोळे मिटून गातेय, 'बापाच्या कार्डावरून नाव माझं काटलं', आणि श्वास घ्यायला थांबले तर पडवीतून आईचा आवाज. तीच ओळ. पुरी ओळ, खणखणीत, चालीसकट. बिरड्याचे वाल सोलता सोलता.

मी बाहेर आले आणि ओरडले. नको ते बोलले. म्हटलं, "ही काय लग्नाची धवलागिरी आहे का? माझ्या गाण्यात तुझं काय काम?"

आई धवलारीण होती, लग्नात धवले गाणारी. आमच्याकडे हळदीला आणि मांडवाला धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती एकेक विधी गाण्यातून चालवते आणि त्यात सगळ्या गोताची नावं घेते. ती ओळ म्हणते आणि मागे बसलेली बाई तीच ओळ झेलते, म्हणजे परत म्हणते. ओळ झेलल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा नियम. लहानपणी आईच्या मागे बसून मीच झेलायचे. लोकांच्या लग्नात सगळ्यांची नावं दोन दोनदा घेऊन माझा जीव विटला होता.

आई म्हणाली, "तू थांबलीस. मना वाटलं, कुनीतरी झेलाया पायजे."

"गिटार झेलते ते!"

"लाकूड काय झेलनार, गो?"

मास्तर म्हणाले, ठेव ते, चांगलं आलंय. मी त्यांच्या देखत पुसून टाकलं. चौथ्यांदा गायले. बरं झालं, पण तिसऱ्याची सर नाही.

बाबा गेल्यापासून नऊ वर्षं आई कोणाच्या लग्नात गायली नाही. घसा बसला म्हणते. घसा बसलेल्या बाईचा आवाज भिंतीतून आत येतो कसा, ते तिलाच विचारायला हवं.

१८ नोव्हेंबर

आई बोलत नाही. बिरड्यात मीठ नव्हतं. मी मुकाट्याने खाल्लं.

३० नोव्हेंबर

गाणं नेटवर चढवलं. गीत, संगीत, आवाज : नूतन. आडनाव लिहिलं नाही. बापाचं लिहिलं तर माहेरचे म्हणतात तुझा हक्क नाही, नवऱ्याचं लिहायला मी वेडी नाही.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस जणांनी ऐकलं. त्यात पाच-सहा वेळा मीच. पण संध्याकाळी रोह्याच्या कोणा बाईचा निरोप आला, "माझं पण कार्ड असंच आहे." मी अलिबागला झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. तिथे रोज अशी कार्डं काचेवर ठेवते. नाव कापलेलं, नाव चढवायचं राहिलेलं. तहसीलवाल्यांनी मला तीनदा परत पाठवलंय. बाई, तुम्ही नक्की कोणाच्या? त्याच प्रश्नावर दुसरं कडवं आहे.

तहसीलच्या बाकड्यावर बसून झाली सांज
तहसीलच्या बाकड्यावर बसून झाली सांज
साहेब विचारी, बाई तू कोणाची? म्हटलं, तूच सांग

आईला फोनवर गाणं ऐकवलं. वाटलं, आता तरी दोन शब्द बरे बोलेल. तिने फोन कानाला लावून पुरं ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाली, "ती वर न्हेतेस ना, ती अर्धीच न्हेतेस. घाबरतेस."

आता ही मला माझंच गाणं शिकवणार!

१४ डिसेंबर

छत्तीस हजार जणांनी ऐकलं. मी आकडा तीनदा वाचला.

खारघरच्या एका म्युझिक कंपनीचा शुभम म्हणून मुलगा अलिबागला भेटायला आला. गोड बोलतो. "मॅडम, एकदम रॉ आवाज आहे तुमचा. हम लोग इसको बडा बनाएंगे." गाणं एक नावाजलेला मुलगा गाणार, खाली बेंजो आणि डीजेचा ठेका, आणि हळदीच्या सीझनला प्रत्येक मांडवात वाजणार. मी विचारलं, माझं नाव कुठे? त्याने कागद फिरवून दाखवला. गीत-संगीत या रकान्यापुढे लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

म्हटलं, मी काय तुम्हाला शंभर वर्षांची दिसते?

"मॅडम, तसं नाही, पारंपरिक लिहिलं की लोकांना आपलं वाटतं. तुम्हाला रक्कम मिळतेय ना."

रक्कम इथे लिहीत नाही. उगाच रोज वाचत बसेन.

आधी रेशनकार्डावरून नाव गेलं, आता रेशनकार्डाच्या गाण्यावरूनही जाणार. मी कागदाची घडी घातली, त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हटलं, पारंपरिक बाईची सही पारंपरिकच असते, अंगठा. आणि तो मी दाखवून आलेय. खरंच दाखवला. हॉटेलातला पोऱ्या हसला.

३ जानेवारी

त्यांनी गाणं काढलं.

माझ्याशिवाय. चाल जशीच्या तशी, शब्द बदललेले. 'नाव माझं काटलं'च्या जागी 'अंग माझं माखलं'. तो मुलगा गॉगल लावून नाचतोय आणि मागे वीस पोरी हळद उडवतायत. गीत-संगीत : पारंपरिक.

शुभमला फोन लावला आणि ज्या शिव्या येत होत्या त्या दिल्या, ज्या येत नव्हत्या त्या जुळवल्या. तो शांत. म्हणाला, "मॅडम, आपने ही ट्रॅडिशनल गाना कॉपी किया है. तुमच्याच हळदीचा व्हिडिओ नेटवर आहे. एक मावशी हीच चाल गातेय. चौदा साल पुराना. आपण तो मॅटर वाढवूया नको."

आमच्या फोटोग्राफरने जुन्या लग्नांचे व्हिडिओ 'अस्सल आगरी धवला' म्हणून चढवलेत. मी तो व्हिडिओ कधी बघितला नव्हता. ते लग्न बघायची हौस कोणाला?

आज बघितला. पाटावर मी, तेवीस वर्षांची, गालाला हळद, मान खाली. आणि बाजूला आई, हिरवं लुगडं, गातेय. 'काटलं' येतं त्या जागी तिच्या गाण्यात 'वाटलं' आहे, हळद वाटण्याचं. आणि तिथे आवाज खाली येत नाही. वर जातो, वाकडा होऊन.

माझा सूर माझा नाही. मी कोर्लईच्या पुलावरून हसत आले होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ जानेवारी

आईला व्हिडिओ दाखवला. ती बराच वेळ हिरव्या लुगड्याकडेच बघत होती.

मी विचारलं, "ही चाल जुनी आहे? आजीची?"

"आजीची खाली येते. मी वर न्हेली."

"का?"

ती म्हणाली, "तुझी हलद व्हती ना. तुना द्यायचा माझा जीव न्हवता. तो मानूस मना पयल्या दिवसापासून पटला न्हवता, पन तुझ्या बापासमोर मी काय बोलनार? गाताना त्या जाग्यावर मना रडू आलं. आवाज खाली आनला असता तं हुंदका भायेर पडला असता, चारचौघांत. धवलारनीनं रडायचं न्हाय. म्हनून वर न्हेली."

चौदा वर्षं. मी पाटावर होते, पाठीमागे झेलणारी दुसरी होती, आणि माझ्या आईने माझ्यासाठी एक सूर केला. मी तो कानात घेऊन सासरी गेले, परत घेऊन आले, आणि त्याच्यापुढे लिहिलं, नूतन.

मी म्हटलं, "मग तू त्या दिवशी सांगितलं का नाहीस? मी तुला एवढं बोलले तेव्हा?"

"तू एवढी आनंदात व्हतीस. माझा, माझा करत. आनि मना झेलाया मिललं ना एकदा. नऊ वर्सांनी."

"घसा बसला होता ना तुझा?"

यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. मग म्हणाली, "तुझा बाप गेला त्या वर्सी एका घरनं नारल आला, मानाचा. सोबत सांगावा, की चंद्राबाय, मांडवात पुढं बसू नको, रांडमुंड बाई, मागनं गानी सांग. मी नारल परत धाडला. मागनं काय सांगायचं? घसा बसला म्हनलं की कोन विचारीत न्हाय."

मी घरातच होते तेव्हा. रोज तिच्या हातचं जेवत होते. मी कधी विचारलंच नाही, म्हणजे मी पण त्या मांडवातलीच.

५ जानेवारी

कोर्लईला जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. तिसऱ्या वेळचं रेकॉर्डिंग कुठे राहिलं असेल का, विचारलं. नाही. मी पुसलं म्हणजे पुसलंच. मास्तर म्हणाले, "मी सांगितलेलं." मी म्हटलं, हो, सांगितलेलं.

२० जानेवारी

शुभमचा फोन. गाण्याखाली लोक विचारायला लागलेत की ही कार्डवाल्या बाईची चाल ना? रोह्याची ती बाई तर रोज लिहिते. तेव्हा कंपनी आता 'गीत-संगीत : नूतन' लिहायला तयार आहे. शिवाय पुढची तीन गाणी.

महिन्यापूर्वी मी नाचले असते.

म्हटलं, दोन नावं. शब्द नूतन, चाल चंद्राबाई.

"मॅडम, आईचं नाव कशाला? उनको क्या फर्क पडता है? रकाना एकच आहे."

म्हटलं, रकाना वाढवा.

"सिस्टीम में नहीं है."

तहसीलदार पण हेच म्हणतो. सगळ्यांची सिस्टीम एकाच घाण्यातून निघालेली. मी सांगितलं, एका नावावर माझी सही मिळणार नाही, आणि तुमच्या सिस्टीमला हळद लावा. फोन ठेवला.  तीन गाणी म्हणजे तीन गाणी असतात. खोटं कशाला लिहू, मला ती हवी होती.

आईला सांगितलं तर म्हणाली, "माझं नाव घालून काय मना पंचायतीत उभं रायचंय?" पण रात्रीच्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्त होती.

१ फेब्रुवारी

शेजारची मृणाली येऊन गेली. अलिबागला नर्स आहे, पुढच्या आठवड्यात लग्न. पदरात नारळ. मला वाटलं, आमंत्रणाचा. तिने तो आईच्या पुढ्यात ठेवला. "काकी, माझी हळद तुम्हीच गायची. पुढे बसून. आजी आरडाओरडा करेल, तिचं मी बघते."

आई नारळाला हात लावेना. मी म्हटलं, "घे ना."

"झेलनारी कोन हाय मना आता? सगल्या म्हाताऱ्या गेल्या."

 मग माझंच तोंड माझ्या आधी बोललं, "मी आहे ना."

आईने नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला. "पानी हाय," म्हणाली.

८ फेब्रुवारी

हात पिवळे आहेत, वहीला डाग पडतायत, पडू देत.

दुपारी चारला हळद. मांडवात डीजेवर तेच गाणं वाजत होतं, गॉगलवाल्याचं. आई हिरवं लुगडं नेसून आली, चौदा वर्षांपूर्वीचं तेच. सरळ डीजेवाल्याच्या टेबलापाशी गेली. "बाला, ही चाल माझी हाय. बंद कर, आता मी गानार." त्याला वाटलं म्हातारी गंमत करते. मी त्याच्या मागची पिन उपटली.

एकदम शांत झालं आणि त्या शांततेत मृणालीची आजी म्हणाली, "चंद्रे, शुभ कार्य हाय. रांडव बाईनं पुढं बसू नये."

आई पाटासमोर मांडी घालून बसली, पदर खोचला. "नवरा मेलाय माझा," ती म्हणाली, "गला न्हाय मेला. तुना ऐकायचं नसंल तं कानात कापूस घाल, मावशी. पोरीची हलद वालते."

मृणालीने पाटावरूनच टाळी वाजवली. आजी बसली. पण उठून गेली नाही, हेही लिहायला हवं.

आई गायला लागली. मी मागे. अंतोन मास्तर चर्च आटपून आले होते, मांडवाच्या खांबाला टेकून माझा फोन धरून रेकॉर्ड करत होते. पहिल्या दोन ओळी माझा आवाज शोधतच होता. सगळीकडे एकटीनं गायची सवय. इथे आईची ओळ संपते, आणि तिचा श्वास होईतो ती ओळ माझ्या हातात असते, पडू द्यायची नाही. मग जमलं. कॅसेटमधल्या बाया आठवल्या. त्यांच्याही मागे कोणीतरी असणारच.

मग नावं घ्यायची वेळ आली. हळदीला कोण कोण आलं. धवलारीण एकेकीचं नाव घेते, अमक्याची सून, तमक्याची राणी, अमक्याची आई. एक नाव राहिलं तरी भांडण होतं, म्हणून आई कधी चुकत नसे. नऊ वर्षांनी पण चुकली नाही. आजीचं नाव तर मानाने पहिलं घेतलं. परत आलेल्या पोरींचं नाव मात्र कोणी घेत नाही. ते कोणाच्या घरातून घ्यायचं हेच ठरत नाही, आणि म्हणून कोणी भांडतही नाही. मला ते माहीत होतं, मी लहानपणापासून झेलत आलेय.

यादी संपली असं वाटलं. बायका हळदीकडे वळल्या. आणि आईने मान न वळवता पुढची ओळ उचलली.

हळदीला आली गो, नूतनबाय आली
कोनाची न्हाय गो, गान्याची धनीन आली

 ओळ हवेत होती. ओळ झेलल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, आणि झेलणारी मी. माझंच नाव, मलाच, सगळ्या गावासमोर, मोठ्याने म्हणायचं होतं.  पहिली ओळ कशीबशी म्हटली. 'धनीन' शब्दाला तीच जागा आली. खाली आणला असता तर हुंदका बाहेर पडला असता.

मी सूर वर नेला. पुरा नेला, अर्धा नाही.

आईने मागे वळून बघितलं नाही. फक्त मांडीवर एक थाप मारली आणि पुढचं नाव घेतलं.